पुढचा हात

दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडायचा नाही, एवढं सांगायला मावशी दारात थांबल्या होत्या. पुण्यात, कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा कचरा त्या कितीतरी वर्षं नेतात. तोवर आमचं बोलणं 'बादली ठेवलीय' आणि 'उद्या सुट्टी का?' यापलीकडे कधी गेलं नव्हतं. "पिशवी विकली जाते, ताई. तो एवढासा तुकडा मात्र कुणाच्याच हाताला लागत नाही," असं म्हणून त्या जिना उतरून गेल्या.

मी ओट्यापाशी जाऊन पाहिलं. सिंकच्या जाळीला असे दोन तुकडे चिकटलेले होते. रोज दोन पिशव्या धरल्या तर एका घरातून वर्षाला ७३० तुकडे. पिशवी विसळून, वाळवून दिली की भंगारात तिला भाव येतो, कारण तिचं प्लास्टिक एकाच जातीचं असतं आणि पुन्हा वितळवता येतं. तिचा नखाएवढा कोपरा मात्र भाजीच्या देठांत मिसळून खतात जातो, खताबरोबर मातीत जातो, नाहीतर मोरीतून नाल्याला लागतो. पिशवीला नुसती चीर द्यायची आणि कोपरा तसाच लोंबता ठेवायचा, की झालं. ही सवय लागायला मला चार दिवस लागले.

त्या चार दिवसांत एक गोष्ट मनात रुतून बसली. आपण एखादी वस्तू 'टाकतो' म्हणजे ती कुणाच्या तरी हातात देतो. तो हात आपल्याला दिसत नाही, म्हणून ती नाहीशी झाली असं वाटतं. पर्यावरणपूरक जगण्याच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत पृथ्वी असते, वितळणारा बर्फ असतो, येणाऱ्या पिढ्या असतात. उद्या सकाळी साडेसातला आपल्या दारात येणारा हात नसतो. म्हणून दिवाळीआधीच्या आठवड्यात, घराघरांतले माळे उपसले जात असताना, मी मावशींच्या मागोमाग निघाले.

०००

ढकलगाडीवर ओल्याचे आणि सुक्याचे डबे वेगळे, बाजूला लटकवलेल्या दोन-तीन गोण्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मावशी चौथ्या मजल्यापर्यंत चढतात आणि दोन्ही हातांत ओझं घेऊन उतरतात. चौदा घरांच्या एका जिन्यात त्या दिवशी अकरा घरांचा कचरा नीट वेगळा केलेला होता, तीन घरांचा एकत्र. त्या तीन बादल्यांना लागलेला वेळ उरलेल्या अकरांपेक्षा जास्त होता. आमटीत भिजलेला पुठ्ठा, भाताची शितं चिकटलेली बाटली, चहाच्या चोथ्यात रुतलेलं दाढीचं पातं. मावशींनी पातं दोन बोटांनी अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं. त्यांच्या अंगठ्यावर जुन्या कापल्याच्या खुणा आहेत.

फेरी संपवून सुका माल पत्र्याच्या शेडमध्ये पसरल्यावर 'सुका कचरा' हा शब्द किती तोकडा आहे ते कळलं. रद्दी वेगळी, पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. दूधपिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि कडक प्लास्टिक यांच्या तीन गोण्या. पत्रा, काच, नारळाच्या करवंट्या. प्रत्येकाचा भाव निराळा आणि प्रत्येकाची पुढची वाट निराळी. कोरडा पुठ्ठा कागदगिरणीत जाऊन पुन्हा पुठ्ठा होतो. तोच आमटीत भिजला की त्याला कुणी घेत नाही आणि तेल-मिठामुळे त्याचं खतही धड होत नाही. दोन बादल्यांची सवय ती एवढ्याचसाठी. एकत्र केलं की दोन्ही वाया जातं आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. घरांकडून मिळणारं महिन्याचं शुल्क आणि या विकाऊ मालाचे पैसे, यांवरच मावशींचं घर चालतं.

शेवटी जमिनीवर एक ढीग उरला, ज्याला गोणीच नव्हती. वेफर्सची चकचकीत पाकिटं, बिस्किटांची वेष्टनं, शांपूच्या पुड्या, थर्माकोल. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे काढणं परवडत नाही. फळांच्या रसाच्या खोक्यातही तेच: सुमारे ७५ टक्के कागद, २० टक्के प्लास्टिक, ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम. इथे घरातली सवय तोकडी पडते, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. आपण कितीही धुऊन-पुसून दिलं तरी ज्या वस्तूची पुढची वाट तिच्या कारखान्यानेच बंद करून ठेवली आहे, तिचं ओझं गृहिणीच्या किंवा कचरावेचक बाईच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकांवर ही जबाबदारी टाकलेली आहे. ती पुरी व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत असल्या पाकिटांची आपली खरेदी कमी व्हायला हवी. फराळाचा चिवडा घरी करायला एक दुपार लागते. मोठ्या घाऊक पुडक्यातून पोहे-मुरमुरे आणले तर पाकिटांची संख्या आपोआप खाली येते.

त्याच ढिगाजवळ वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काही पुड्या होत्या, त्यांच्यावर लाल शाईचा मोठा ठिपका. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायचा, ही पुण्यातल्या कचरावेचकांनीच चालवलेली मोहीम. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांनाही ठिपका वाचता येतो. याला खर्च काय, तर रद्दीचा एक कागद आणि मुलांच्या दप्तरातलं एक स्केचपेन. त्या सकाळी मी मोजलं: ठिपक्याच्या पुड्या सहा होत्या आणि तशाच, उघड्या, इतर कचऱ्यात आलेल्या नऊ.

०००

पुण्यात कचरा घरातच वेगळा करण्याची कल्पना पर्यावरणाच्या काळजीतून उगवली नाही, ती माणसांच्या काळजीतून उगवली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमने यांची गाठ कचरा वेचणाऱ्या बायका-मुलींशी पडली. उकिरड्यात हात घालून कागद शोधण्यापेक्षा घरांनीच सुका कचरा वेगळा ठेवून तो हातात दिला तर? त्या साध्या प्रश्नातून पुढची वाट निघाली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांची संघटना बांधणाऱ्या बाबांनी कचरा वेचणं हे 'काम' आहे, भीक नव्हे, हे शहराला ऐकवलं. या बायका बहुतेक दलित समाजातल्या, त्यांतल्या पुष्कळजणींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळानंतर पोटामागे शहरात आलेली. पुढे पंचायतीतूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलायला सुरुवात केली.

हा इतिहास मला इतक्या उशिरा कळला याचं वाईट वाटतं. बेंगळुरूच्या अलमित्रा पटेल १९९६ मध्ये देशभरातल्या कचऱ्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातून २००० साली घनकचऱ्याचे पहिले राष्ट्रीय नियम आले, २०१६ च्या नियमांनी वर्गीकरण प्रत्येक घराला बंधनकारक केलं. कायदे दिल्लीत झाले. पण पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायका तीच गोष्ट त्याआधीपासून दारात उभ्या राहून मागत होत्या.

आणि वेगळा करून न दिलेल्या कचऱ्याचं काय झालं तेही पुण्याला ठाऊक आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात, जुन्या दगडखाणींच्या जागी, शहराने वर्षानुवर्षं ओला-सुका एकत्र कचरा ओतला. विहिरींचं पाणी बिघडलं, माश्या घराघरांत आल्या, ढीग पेटत राहिले. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. शहरात त्या दिवसांत चर्चा असायची ती रस्त्यावर साठलेल्या कचऱ्याची. त्या गावांत लग्न होऊन गेलेल्या मुली आणि तिथलं पाणी पिणारी म्हातारी माणसं यांची चर्चा फारशी होत नसे.

०००

घरातल्या कचऱ्यात सगळ्यात जड भाग ओल्याचा. आमच्या चौघांच्या घरात तो रोज सहाशे-सातशे ग्रॅम भरतो. आठवडाभर तराजूवर टाकून पाहिला. त्यातला बराचसा भाग नुसतं पाणी. म्हणजे आपण डिझेल जाळून मैलोन्‌मैल पाणी वाहून नेतो. मग ते ढिगात दबतं, हवा मिळत नाही, आणि तिथले जिवाणू त्याचा मिथेन वायू करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तीच देठं-सालं बाल्कनीत हवेशीर कुजली तर मिथेन जवळपास होतच नाही.

हे मला माहीत होतं, तरी पहिल्या वेळी मी सपशेल फसले. झाकणाच्या प्लास्टिक बादलीत साली टाकत गेले, वर थोडी माती. आठव्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास आणि वळवळणाऱ्या अळ्या. घरातल्यांनी बादली बाहेर काढायला लावली. चूक दोन ठिकाणी होती. बादलीला भोकं नव्हती आणि मी तिला फक्त ओलं खायला घातलं होतं. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब कमी. वाळलेल्या पानांत नेमका उलटा प्रकार. दोन्ही एकत्र आले की बेत जमतो, आमटी-भातासारखा.

आता दोन माठ आहेत, बुडाला आणि अंगाला भोकं पाडलेले. तळाला करवंट्यांचे तुकडे, मग वाळल्या पानांचा थर. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा, त्यावर त्याच्या दुप्पट पानं चुरडून. दोन दिवसांनी काठीने खालवर. सुरुवातीला आंबट ताकाचा एक पेला विरजणासारखा. मुठीत दाबल्यावर ओलसर लागेल पण पाणी गळणार नाही, इतपत ओल. अमोनियाचा उग्र वास आला तर पानं वाढवायची. कुबट वास आला तर काठी फिरवून हवा द्यायची. अळ्या दिसल्या तर घाबरायचं नाही, त्या काम करतात. तेलकट उरलंसुरलं, मटणाची हाडं मी माठात टाकत नाही. एक माठ भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. दोन महिन्यांनी पहिल्यात हात घातला तेव्हा पहिल्या पावसाचा वास आला. सालींचा मागमूस नव्हता. आंब्याची एक कोय तेवढी शाबूत होती आणि तिला मोड आला होता.

पानं कुठून आणायची? खालून. फाल्गुन-चैत्रात आमच्या गल्लीतली झाडं नुसती बरसतात आणि पहाटे कुठेतरी ती पानं पेटवलेली असतात. त्या धुराने शेजारच्या आजोबांना महिनाभर खोकला असायचा. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा पुण्यात अदिती देवधर यांच्या 'ब्राऊन लीफ'ने काढलेली वाट मला जास्त आवडते. ज्यांच्या अंगणात पानं साठतात त्यांनी ती पोत्यात भरून, ज्यांच्या बागेला हवी असतात त्यांना द्यायची. एकाची अडचण दुसऱ्याची गरज, मध्ये एक पोतं. आमच्या सोसायटीत आता सहा पोती पानं जिन्याखाली असतात आणि झाडणारे काका ती पेटवत नाहीत.

महाराष्ट्रात या विचाराची परंपरा जुनी आणि भक्कम आहे, तिचा आपल्याला विसर पडू नये. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभारून शेतकऱ्यांना आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना पाला-पाचोळ्याची किंमत पटवून दिली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने शेणाऐवजी खरकट्या अन्नावर चालणारा आटोपशीर घरगुती बायोगॅस संच केला आणि त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेलं अन्न; जिवाणूंना सरळ पिष्ट दिलं तर ते कितीतरी जास्त वायू देतात, ही त्यामागची युक्ती.

०००

मोरीतून जातं त्यालाही पुढचा हात असतो. हा शोध मला चकलीच्या कढईने लावून दिला.

तळणीचं उरलेलं तेल दरवर्षी मी सिंकमध्ये ओतायचे आणि वर गरम पाणी. एकदा नकाशा घेऊन बसले. आमच्या सिंकचं पाणी मुठेत, मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत, आणि भीमा उजनीच्या जलाशयात. शहराचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन जात नाही. त्याच उजनीच्या काठी भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि आपण कॅमेरे घेऊन त्यांना पाहायला जातो. त्याच उजनीवर सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याची मोठी भिस्त आहे. माझी मावसबहीण सोलापुरात असते, तिच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. जे येतं ते ती तुरटी फिरवून, उकळून भरते. कढईतलं तेल मी तिच्या हंड्यात ओतत होते.

आता तेल गाळून फोडण्यांना संपवते, कढईत मुळातच तेल कमी घेते, आणि कढईचा चिकट गाळ रद्दीने पुसून मगच कढई धुते. भांड्यांना आणि कपड्यांना पावडर निम्मी केली. काही बिघडलं नाही. अशा पावडरींतल्या फॉस्फेटवरही जलपर्णी पोसते, ती उन्हाळ्यात मुळा-मुठेवर हिरव्या गालिच्यासारखी पसरते. मुदत संपलेली औषधं आणि उरलेला रंग मोरीत ओतणं पूर्ण बंद.

पाण्याला मागचा हातही आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून मुख्यतः पुणं पितं आणि त्याच साठ्यातून कालव्याने दौंड-इंदापूरची शेती भिजते. दात घासताना उघडा राहिलेला नळ उन्हाळी आवर्तनाची वाट पाहणाऱ्या कुणाच्या तरी उसाचा असतो. शहरात टँकर आला की आपण महापालिकेला बोल लावतो. नळाचा वायसर बदलायला मात्र तीन आठवडे लावतो.

विजेचंही तसंच. घरातला जुना पंखा ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा साधारण ३०. दिवसाला बारा तास आणि वर्षातले तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. ही वीज मुख्यतः कोळशाची, आणि आपल्या राज्यात कोळशाची राख कुणाच्या अंगणात पडते ते चंद्रपूरकरांना विचारावं. डाळ तासभर भिजवून, झाकण ठेवून शिजवणं, भात उतरण्याच्या पाच मिनिटं आधी गॅस बंद करणं, हे आई कुणी न शिकवता करत होती. त्यावर वेगळा परिच्छेद लिहायची गरज नाही.

०००

माळ्यावरून या वर्षी चार बोचकी निघाली. त्यांतलं एक सबंध जुन्या साड्यांचं. आजीच्या वेळी दिवाळीच्या तोंडावर बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी. दोन साड्या आणि एक पँट यांवर स्टीलचं पातेलं ठरायचं, अर्धा तास घासाघीस, मध्ये चहा. आजी तिला 'लुबाडते मेली' म्हणायची आणि पुढच्या वर्षी तिचीच वाट पाहायची. ते कपडे पुन्हा शिवून-धुऊन जुन्या बाजारात जायचे, कुणाच्या तरी अंगावर चढायचे, आणि अगदी विरले की गॅरेजात पुसायच्या चिंध्या व्हायचे. त्याआधी घरातच त्यांचा एक जन्म होऊन गेलेला असे. मऊ सुती लुगड्याची गोधडी, गोधडी फाटली की दुपटं, दुपट्यातून पोतेरं. आज आपण कपडे धुऊन न देता, बटणं तुटलेले, थेट 'दान' म्हणून पाठवतो. देणारा आपला भार हलका करतो आणि घेणाऱ्याच्या गळ्यात तो पडतो.

मी या वेळी एक नेम केला. देण्याआधी धुवायचं, इस्त्री नाही पण घडी घालायची, तुटलेलं बटण लावायचं. एका शर्टाला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत तीन शर्ट मी परत कपाटात ठेवले, कारण बटण लावल्यावर ते चांगलेच होते. 'स्वच्छ'च्या 'व्ही-कलेक्ट' मोहिमेत जुने कपडे, भांडी, खेळणी, बिघडलेली विजेची उपकरणं घेतात. तिकडे दोन पिशव्या गेल्या. सेल आणि जुने मोबाइल त्यातच, वेगळ्या डब्यात. पणत्या मात्र मी कधीच देत नाही. गरम पाण्यात सोडा घालून उकळल्या की तेलकटपणा जातो. आमच्या निम्म्या पणत्या नऊ वर्षांच्या आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आकाशकंदिलाची जुनी काच हातातून सुटून फुटली. तुकडे गोळा केले, वर्तमानपत्राच्या चार पदरांत गुंडाळले, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवले आणि वर ठळक अक्षरांत 'काच' लिहिलं. सकाळी खोकं बादलीशेजारी ठेवून मी आत वळणार, तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई, ताई. काच असली तर बादलीपाशी नका ठेवू. बेल वाजवते मी. हातात द्या."

मी खोकं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कानाशी धरून हलकेच हलवून पाहिलं आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात, स्वतःच्या जेवणाच्या डब्याशेजारी, आडवं ठेवलं.